पोचलं, काका!

कप खाली ठेवा बघू आधी. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगताना संज्याला चहाचा ठसका लागलेला, आणि पाच मिनिटांनी तोच संज्या माझ्याकडे असा बघत होता, जसा काय मी त्याच्या घरचा माणूस मारलाय. म्हणून आधीच सांगून ठेवतो. हसू येईल. हसा. हसून झाल्यावर शिव्या घालाव्याशा वाटल्या तर रांगेत या, कारण कोपरीची माणसं आधीपासून उभी आहेत.

तर मी मंदार. डोंबिवली, शिक्षण कम्प्लिट, नोकरी शून्य. पण जगात नाव! दात काय काढताय? खरंच सांगतो.

लिनक्स माहितीये ना? ती फुकटवाली सिस्टीम. एका मासिकाबरोबर तिची सीडी आलेली. फुकट म्हणजे नुसती फुकट नाही हां, तिच्या पोटातला सगळा कोड उघडा. कोणीही वाचा, कोणीही सुधारा. आता माझ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी ती हिरवी पट्टी, अशा कंपनीची की कंपनी बंद पडली तरी कोणाला कळलं नाही. त्या कार्डाचा ड्रायव्हर परदेशातल्या एका म्हाताऱ्याने हौसेने लिहिलेला. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीमला त्या कार्डाशी बोलायला शिकवणारा कोड. ('कुठली गाडी चालवतो?' हा विनोद आमच्या बिल्डिंगीत प्रत्येकाने करून झालाय. तुम्ही नका करू.)

एक दिवस म्हाताऱ्याने सगळ्यांना ई-मेल टाकला, की माझं कार्ड जळलं, आता हा ड्रायव्हर कोण सांभाळेल? मी लिहिलं, मी! दुसरं कोणी उत्तरच दिलं नाही. झालं, मी मालक! तेविसाव्या वर्षी! आई शेजारणीला सांगायची, "मंदारकडे परदेशातलं काम आलंय." पगाराचं विचारलं की म्हणायची, "ते अजून यायचंय."

आता मालक झालो म्हटल्यावर साफसफाई नको? मी कोड झाडायला घेतला. त्यात एका जागी एक ओळ होती. चित्र कार्डाकडे पाठवून झालं, की ही ओळ कार्डाला उगाचच काहीतरी विचारायची आणि आलेलं उत्तर चक्क फेकून द्यायची! काही उपयोग नाही, नुसता वेळ खायची. आणि शेजारी म्हाताऱ्याची टीप, 'ही ओळ काढू नका. का, ते मलाही माहीत नाही.'

आता मला सांगा, तेविशीतल्या पोराला असं लिहून ठेवल्यावर तो काय करेल?

काढली!

आणि काय सांगू, पडदा असा पळायला लागला! खिडक्या झपाझप उघडतायत, अक्षरं सटासट येतायत. मी म्हाताऱ्याला मनातल्या मनात म्हटलं, आजोबा, विश्रांती घ्या. आणि नवीन ड्रायव्हर जगाला वाटून टाकला.

आठवडाभरात फिनलंडकडच्या एकाची तक्रार. म्हणे, शेवटचं काढलेलं चित्र पडद्यावर येतच नाही. त्याच्यामागून दुसरं चित्र आलं, की मग पहिलं दिसतं. नाहीतर माऊस हलवला की दिसतं.

मी काय उत्तर दिलं असेल?

"मग माऊस हलव ना!"

वर आणि लिहिलं, की तुझं कार्ड खराब असणार, माझ्याकडे झकास चालतंय. चालणारच की! मी टेस्टिंग करताना माझा हात चोवीस तास माऊसवर. पण हे डोकं तेव्हा कुठे होतं?

इथपर्यंत नुसता बावळटपणा. आता ऐका पुढचं.

आमच्या खालच्या मजल्यावर तारकाका राहायचे. खरं नाव दामोदर, पण अख्खी बिल्डिंग तारकाका म्हणायची, कारण नोकरी जन्मभर तार ऑफिसात. टेलिप्रिंटरवर. मूळचे कोपरीचे, खाडीवरचे कोळी. घरची होडी सोडून हा माणूस तारा बडवायला गेला आणि डोंबिवलीत फ्लॅट करून राहिला. अंगठ्याएवढी तंबाखू गालात. त्या तंबाखूने शेवटी हिशेब केला. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्याच्या आधीच साखरेने डोळे नेलेले. समोर माणूस उभा आहे एवढंच कळायचं, तोंड नाही दिसायचं. पाटीवर खडूने लिहायला लागले तर अक्षरावर अक्षर चढायचं. कोणाला वाचता येईना. मग पाटी फेकून द्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

काकू एकदा आमच्याकडे साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच रडून गेल्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. अरे, या माणसाची बोटं तर शाबूत आहेत ना! टेलिप्रिंटरवर बटणांकडे न बघता मारायचे ते! मी भंगारातून सामान जमवून काकांसाठी एक कॉम्प्युटर बांधला. कार्ड माझ्यासारखंच, तेच. लिनक्स टाकलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काकांनी मांडीवरच्या कीबोर्डवर वाक्य मारायचं, एंटर दाबायचा, की पूर्ण पडद्यावर वीतभर मोठ्या अक्षरांत ते येणार. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पडदा काकांकडे नाही, आल्यागेल्याकडे तोंड करून ठेवलेला. काकांना तसाही दिसत नव्हता.

पहिल्या दिवशी काकांनी काय मारलं माहितीये?

"चहात साखर नाही. दोन महिने सांगतोय."

काकू रडता रडता अशा हसल्या! डायबेटिसवाल्या माणसाला साखर कशी देणार? पण बोलला ना माणूस!

एक गंमत होती. काका वाक्य मारायचे आणि उजव्या हाताचं बोट वर करायचे. तार ऑफिसची सवय. तार गेली म्हणजे पोचली असं नाही, पलीकडच्याने पोचल्याचं कळवायला पाहिजे. मग समोर जो कोणी असेल त्याने वाचून म्हणायचं, "पोचलं!" तेवढंच. मोठ्याने वाचून दाखवलेलं काकांना चालायचं नाही. आम्ही सुरुवातीला वाचायचो, तर त्यांनी मारलं, "तार चव्हाट्यावर वाचत नाहीत." मग घरात नुसतं "पोचलं! पोचलं!" चालायचं. दूधवाला पण म्हणायचा.

आणि काकांना हवं काय होतं? एकच. त्यांचा धाकटा भाऊ, हरी.

या दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद. दादा होडी सोडून गेला, फ्लॅटमध्ये राहायला लागला, त्याला आता आमच्या मासळीचा वास येतो, असं हरीकाकांच्या डोक्यात बसलेलं. त्या रागात त्यांनी एक भयंकर गोष्ट केली. आई वारली, तर दादाला कळवलंच नाही. विचार करा! अख्ख्या कल्याण-डोंबिवलीतल्या मयताच्या तारा ज्या माणसाच्या बोटांखालून गेल्या, त्याच्याच आईची तार त्याला आली नाही. काकांना कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलेलं.

आता डॉक्टरने हात वर केलेले. काका रोज मारायचे, "हरी आला का?" काकू कोपरीहून येणाऱ्या कोळणीकडे निरोप देऊन देऊन थकल्या. शेवटी एका शनिवारी कोळीण सांगून गेली, उद्या येतोय.

आणि तो उद्या, मित्रांनो, तो रविवार! मी सकाळी सकाळी खाली हजर. का? तर पाहुणे येणार, इतक्या वर्षांनी दोन भाऊ बोलणार, अक्षरं कशी फटाफट यायला पाहिजेत! माझा नवा, सुधारलेला, सुसाट ड्रायव्हर काकांच्या मशीनवर चढवतो!

चढवला. "टेस्ट" असं टाइप केलं, एंटर मारला. काहीच आलं नाही. परत एंटर मारला. आलं. म्हटलं, पहिल्यांदा नीट दाबला नसेल.

माऊस? काकांच्या मशीनला माऊस नव्हताच. माझा बिघडला तेव्हा त्यांचा मी वर नेलेला. त्यांना काय करायचाय?

मी वायरी गुंडाळत होतो तेवढ्यात काकूंनी लादी पुसून बादली कोपऱ्यात ठेवली आणि आत गेल्या. काकांनी नाक मुरडलं, काहीतरी मारलं, बोट वर केलं. मी वायरीतून मान पण वर न करता म्हटलं, "पोचलं, काका!"

आणि बेल वाजली.

हरीकाका. काळाकभिन्न, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, हातात स्टीलचा डबा. दारातच उभे. पलंगावर पडलेला भाऊ, गळ्याला भोक, हाताची काडी. त्या माणसाचा चेहराच पडला.

"दादा," ते म्हणाले, "वलखलंस का? मी हरी."

काकांची बोटं अशी धावली कीबोर्डवर! एंटर. पडद्यावर वीतभर अक्षरं आली.

"वास सहन होत नाही. बाहेर न्या."

मी गार! हरीकाकांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा हातातल्या डब्याकडे. काकांचं बोट वर. आता मी काय म्हणू? म्हटलं, "पोचलं, काका."

काका खूश.

हरीकाका मागे वळले, डबा बाहेर जिन्यात ठेवला, चपलांच्या शेजारी. परत दारात येऊन उभे राहिले. "ठेवला भायेर. आता बसू का जाऊ?"

काकांच्या कपाळाला आठी. टक टक टक. एंटर.

"आवाजावरून ओळखलं. बस."

हुश्श! मी म्हटलं, "पोचलं!" आणि स्टूल पुढे केलं. हरीकाका अगदी टोकावर टेकले. मी त्यांच्या कानात म्हटलं, "आजारपणाने जरा चिडचिड होते हो त्यांची. वासाचं मनावर घेऊ नका."

बघा! मशीनवर शंका नाही घेतली. माणसावर घेतली!

"तब्येत काय बोलते?" हरीकाकांनी विचारलं. "डाक्टर काय सांगतो? बरा व्हशील ना?"

टक टक. एंटर.

"डबा आत आण. कसला आहे?"

हरीकाकांचा चेहरा असा उजळला! तब्येतीचं दादाने टाळलं, पण डबा तर मागितला! लहान पोरासारखे उठले, जिन्यातून डबा आणला, झाकण उघडलं. "निवट्यांचा कालवन हाय, दादा. माज्या बायकोनं केलाय, आयेच्या हातासारखा." निवटे म्हणजे ते खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे मासे. वास घरभर. काकांच्या नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. मला वाटलं, गेलं, आता परत बाहेर काढायला लावणार!

"जरासा घशाखाली उतरंल का?" हरीकाका विचारतायत, वाटी पुढे धरून.

काका थोडं थांबले. मग मारलं.

"डॉक्टर नाही म्हणतो. मी पण."

"पोचलं."

हरीकाकांनी वाटी खाली ठेवली.  काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मग हरीकाका स्टुलावरून उतरून खाली जमिनीवर बसले, पलंगाच्या कडेला हात ठेवला.

"दादा, आय गेली तवा मी तुला कलवलं नाय. रागात व्हतो. मंग तोंड दाखवायची लाज. रोज वाटायचं, जाव, सांगाव. नाय आलो. मना माफ केलंस का रं?"

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण मी ऑपरेटर ना! मी उभा.

काकांनी सावकाश, एक एक बटण चाचपत मारलं. हे वाक्य त्यांनी किती वर्षं मनात मारून ठेवलं असेल. एंटर.

"नाही. आता या जन्मी नाही."

काकांचं बोट वर.

मी पडद्याकडे बघतोय. हरीकाका पडद्याकडे बघतायत. आणि काकांचं बोट हवेत, वाट बघतंय.

"पोचलं," मी म्हटलं. "काका, पोचलं."

आणि काका हसले! अहो, असे हसले! आवाज नाही, गळ्याच्या भोकातून नुसती हवा, पण तोंडभर हसू. इतक्या महिन्यांत कोणी बघितलं नव्हतं असं. वर हात पुढे केला, भावासाठी.

तुम्ही हरीकाकांच्या जागी बसून बघा. समोर लिहिलंय, या जन्मी माफी नाही, आणि लिहिणारा हसतोय!

ते उठले. काकूंना म्हणाले, "वैनी, येतो." काकांचा हात तसाच हवेत. चपला घातल्याचा आवाज, जिन्याचा आवाज.

काकूंचा बांध फुटला. "अहो, असं काय बोललात! इतकी वर्षं ज्याच्या नावाने जीव टाकला, तो पाया पडायला आला, आणि असं?"

काका गोंधळले. हात हवेत चाचपडले, मग कीबोर्डवर आले. टक टक टक. एंटर.

पडद्यावर आलं, "केव्हाच केलं. ढोम्या, रडू नको."

मी वाचलं. परत वाचलं. ढोम्या? हे काय? कार्डाने कचरा काढला वाटतं, मी मनात म्हणतोय. आणि मग, देवाशप्पथ सांगतो, फिनलंडवाला माझ्या कानात येऊन बोलल्यासारखं झालं. 'त्याच्यामागून दुसरं चित्र आलं, की मग पहिलं दिसतं.'



मी उलटा जात राहिलो. 'केव्हाच केलं' हे माफीचं उत्तर. मग 'या जन्मी नाही' कशाचं? कालवण घशाखाली उतरेल का, त्याचं! 'डॉक्टर नाही म्हणतो' हे बरा होशील ना, त्याचं. 'बस' हे वलखलंस का, त्याचं. आणि वास? वास कसला? माझी नजर फिरली आणि कोपऱ्यात थांबली. फिनेलची बादली!

प्रत्येक तार एक घर मागे. आणि प्रत्येक तारेवर मी शिक्का मारत होतो, पोचलं, पोचलं, पोचलं!

"काकू," मी म्हटलं, "काका नाही बोलले असं. मी बोललो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सगळं सांगितलं. काका ऐकत होते. त्यांचं हसू कसं विझत गेलं ते नका विचारू.

जिन्यातून धावत खाली गेलो, नाक्यापर्यंत गेलो. हरीकाका कुठले सापडायला!

आता इथे तुम्ही काय केलं असतं? कोपरी गाठली असती. कोणीही शहाण्या माणसाने गाठली असती. काकू पण तेच म्हणाल्या, "अरे, जा ना त्याच्या घरी! आधी माणूस आण!"

मी काय म्हणालो? "काकू, आधी ड्रायव्हर दुरुस्त करतो. म्हणजे त्यांना दाखवता येईल."

अख्खा रविवार! ती एक ओळ परत घालायची होती, एक! पण घातल्यावर वाटलं, का लागते ते शोधू. मग कळलं. कार्ड शेवटचं चित्र पोटात धरून बसायचं. ती ओळ कार्डाला विचारायची, पोचलं का? तो प्रश्न आला, की कार्ड पोटातलं सगळं बाहेर टाकायचं. उत्तर काय येतं त्याला महत्त्वच नव्हतं. विचारण्याला होतं. कसला आनंद झाला मला! मी नाचलो! खाली एक माणूस मरतोय, आणि मी वर नाचतोय!

सोमवारी सकाळी काकांच्या मशीनवर दुरुस्त ड्रायव्हर चढवून कोपरीला गेलो. हरीकाका घरी नाहीत, भरतीबरोबर खाडीत गेलेले. बांधावर बसून राहिलो. उन्हाने डोकं तापलं तेव्हा होडी आली. मला बघून त्यांनी जाळं खाली पण ठेवलं नाही.

"काय आता? दादानं अजून कायतरी लिवलंय?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, ओळ, एक घर मागे, फिनेल. ते ऐकत होते आणि जाळ्यातला कचरा काढत होते.

"म्हंजे मशीन खोटं बोललं."

"हो!"

"आनि पोचलं, पोचलं, कोन बोलत व्हता?"

"मी."

"तू वाचत व्हतास?"

"हो."

"मंग मशीन खोटं का तू खोटा?"

 

बाजूच्या होडीतला एक म्हणाला, "हरी, वैनीनं पाठवला आसंल पोराला. मराच्या आधी समजूत घालाला." हरीकाकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. मलाही पटलं असतं.

मी उठलो. हात जोडले. म्हटलं, "खरं उत्तर तुम्ही गेल्यावर आलं हो. केव्हाच केलं, असं होतं. पुढे काहीतरी कचरा आलेला, ढोम्या की काय, आणि मग रडू नको."

हरीकाकांच्या हातातून जाळं पडलं.

"काय बोललास?"

"ढोम्या."

ते मटकन बांधावर बसले. बाजूच्या होडीवाल्याने विचारलं, काय झालं रं हरी, तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी पोट सुटलेलं म्हणून दादाने ठेवलेलं नाव. ढोमी माशावरून. दादाशिवाय कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती, आणि दादाने मारून जमाना झालेला. काकूंनाही माहीत नव्हतं.

आणि मी त्याला कचरा म्हणत होतो!

तसेच निघाले. सदरा नाही, बनियनवर. गुडघ्यापर्यंत चिखल. 

आम्ही पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. सकाळपासून काकांची तब्येत ढासळलेली. डॉक्टर येऊन गेलेले, न्यायचं असेल तर न्या, पण उपयोग नाही, म्हणालेले. काका पलंगावर, श्वास मोठा मोठा. मांडीवर कीबोर्ड ठेवलेला, हात त्याच्यावर, पण बोटं हलत नव्हती. समोर पडदा लखलखीत चालू. दुरुस्त. एकदम परफेक्ट. कोरा.

हरीकाकांनी पडद्याकडे बघितलंही नाही. कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला, पलंगावर बसले आणि काकांचं उजवं बोट आपल्या मुठीत धरलं.

"दादा. ढोम्या आलाय."

श्वास चालू. बाकी काही नाही.

"दादा, तुजी तार मिलाली. उशिरा मिलाली. तुला कलतंय का? कलत आसंल तर बोट दाब."

आम्ही सगळे त्या मुठीकडे बघतोय. मला वाटलं, हललं. मग वाटलं, श्वासाबरोबर अख्खा हातच हलतोय. मग वाटलं, नाही, बोटच.

हरीकाकांनी मान वर केली. भरलेले डोळे. आणि विचारलं कोणाला? मला!

"पोचलं का रं?"

सहा महिने, दिवसातून पन्नास वेळा, न बघता, न वाचता, वायरी गुंडाळता गुंडाळता जो शब्द मी फेकत होतो, तो माझ्या तोंडातून निघेना. मला माहीत नव्हतं हो! खरंच माहीत नव्हतं!

काकू म्हणाल्या, "पोचलं, भावजी."

त्यांनी बघितलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

काका दोन दिवसांनी पहाटे गेले. हरीकाका तोपर्यंत घरी गेलेच नाहीत. कोपरीत, नातेवाइकांत, बिल्डिंगीत, सगळीकडे कळवायचं काम त्यांनी स्वतः केलं. एकही माणूस सोडला नाही. फोनवरून, निरोपावरून, दारोदार जाऊन. आणि प्रत्येकाला शेवटी विचारत होते, नीट कलला ना?

पुढच्या आठवड्यात मी फिनलंडवाल्याला माफीचा ई-मेल लिहिला. ड्रायव्हरपेक्षा लांब. सगळं सांगितलं, काका, हरी, कालवण, सगळं. त्याचं उत्तर आलं एका ओळीचं. 'वाईट वाटलं. माऊस हलवून बघायचा होतास.'

बरोबर आहे. माझंच वाक्य माझ्या घशात.

मी अजून त्या ड्रायव्हरचा मालक आहे, दुसरं कोणी घेत नाही म्हणून. ती ओळ जागेवर आहे. शेजारची म्हाताऱ्याची टीप मी थोडी बदललीये. 'ही ओळ काढू नका. का, ते मला माहीत आहे.' मधे कोणीतरी हुशार पोराने लिहिलं, ही काढली तर पडदा किती पळतो बघ! त्याला मी एवढंच विचारलं, तुझ्या घरी आजारी कोणी आहे का? तो परत बोलला नाही. वेडा समजला असेल.

आणि कोपरी? कोपरीत आता मला मंदार म्हणून कोणी ओळखत नाही. हरीकाकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "ह्यो बघा, दादाची तार अडवनारा." तेव्हापासून माझं नाव 'पोचलं'. पोरं बांधावरून ओरडतात, "ए पोचलं आला रं!" हरीकाका पकडून जेवायला बसवतात, त्यांची बायको निवट्यांचं कालवण वाढते, आणि अख्खं घर हात थांबवून माझ्याकडे बघतं. हरीकाका विचारतात, "पोचलं का?"

मी आधी ताटात नीट वाकून बघतो. वाटीत बोट बुडवून बघतो. आणि मगच सांगतो.